सोमवारी इंजिने सुरू न केल्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
हवाई नोंदणी कार्यालय.

विषय : बेटावर उभ्या असलेल्या विमानाची इंजिने सुरू न केल्याबद्दल खुलासा.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

आपण कारण विचारले आहे. ते देत आहे.

१. समुद्र खवळला की किनाऱ्यावरच्या इस्पितळाकडे नेणारी आमची लाँच बंद होते. मग अडलेला रुग्ण माझ्यासमोर पडून राहतो आणि मी, दवाखान्यातली परिचारिका, नातेवाइकांना धीर देते. दुसरे देण्यासारखे माझ्यापाशी नसते. म्हणून बेटावरच्या लोकांनी मिळून दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे एक वापरलेले विमान विकत घेतले. माझा थोरला भाऊ विमानांचा मेकॅनिक. त्याने ते नीट तपासूनच घेतले.

२. उजवे इंजिन आधीच्या मालकाने बदललेले होते, नोंद मात्र जुन्याचीच राहिली होती. हे आम्हीच आपणांस कळवले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतले. आपण जुने इंजिन हजर करण्यास फर्मावले. ते भंगारात जाऊन कधीच वितळले. त्यावर आपले पत्र आले की, विमान 'डाव्या इंजिनापुरते उड्डाणयोग्य' आहे. उजव्या बाजूने काय करावे, हे पत्रात नाही.

३. तरीही उभे विमान खराब होऊ नये म्हणून दर सोमवारी दोन्ही इंजिने चालवावीत, असा आपलाच आदेश आहे. जे इंजिन आपल्या लेखी नाहीच, तेसुद्धा. भाऊ इमानाने ते करीत असे. आवाज बेटभर जातो. परवानगी आली असे समजून लोक आजाऱ्यांना खाटेसकट धावपट्टीवर आणत. भाऊ खाली उतरून मान हलवी, आणि खाटा परत जात. मी घरोघर जाऊन सांगितले, वाटेत अडवले, तरी लोक येतच राहिले. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, महोदय. इथे तर अख्खे विमान उभे होते.

४. ते उडत नाही, हे माझ्या वहिनीइतके, म्हणजे त्या मेकॅनिकच्या बायकोइतके, कोणाला ठाऊक असणार? एका सोमवारी भाऊ धावपट्टीवर गेल्यावर तिला कळा लागल्या. मूल आडवे होते, लाँच बंद. इंजिनांचा आवाज आला तशी ती म्हणाली, "ताई, आज आवाज वेगळा आहे. आज ते माझ्यासाठी सुरू करतायत." मी पाणी आणायला आत वळले, तेवढ्यात ती पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाली. धावपट्टीच्या कडेला कोसळली. भावाने काचेतून पाहिले. त्याला इंजिन चालवता येते, विमान नाही. ती गेली, मूलही गेले.

५. त्यानंतर भाऊ विमानात चढलेला नाही. मी त्याला चढ म्हणणार नाही. खुलासा इतकाच.

६. नियम मोडू नये, हे मान्य. तरी येत्या सोमवारी आपण जातीने यावे व इंजिने सुरू करावीत. लोक खाटा घेऊन येतील. या खेपेस मी कोणालाही अडवणार नाही. त्यांना काय सांगायचे, ते आपण सांगावे.

आपल्या उत्तराची नव्हे, आपलीच वाट पाहणारी,
(सही)
परिचारिका, बेटावरील दवाखाना,
तथा चिटणीस, विमान खरेदी समिती
मंगळवार

सोबत : विमानाच्या दाराची किल्ली.