अस्वल दाराशी

५ मे १९९६, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद असावी.
नगरहून टीव्ही गेम आणला. कॅसेट त्याच अस्वलाची, ज्याचे दोन्ही इंग्रजी पिक्चर दिपालीने मामाबरोबर थेटरात पाहिले. सर्कशीतून पळालेलं पिल्लू, आठ स्टेज, शेवटी त्याचं घर. मारामारी नाही, सगळ्यांनी मिळून बसून खेळावा असा. प्लग ढिला आहे. खाली वीट टेकवली की चालतो.
लोकांच्या पोरी सुट्टीत मामाच्या गावाला जातात. आमची शाळेसाठी मामाकडेच राहते, आणि सुट्टी लागली तरी बापाकडे यायला तयार नाही. दिवाळीत दोन दिवसांत परत गेली. का, तर मामाकडे गेम आहे. आता माझ्याकडेही आहे. बघतोच.
दुपारी पहिली स्टेज. सोपी. लगेच दिपालीला कार्ड टाकलं: गेम घेतला, आठही स्टेज पार केल्या, अस्वल घरी पोचवलं, ये. अजून पोचवलं नाही, पण कार्ड पोचेपर्यंत पोचेल.

६ मे, सोमवार
दुसऱ्या स्टेजला बंद दार. धडका दिल्या, उड्या मारल्या, मागे जाऊन पळत आलो. उघडत नाही. वाटेत वर किल्ल्या लटकतात, पण त्या उगाच, शोभेला. आपल्या शिंगणापुरात घराला दार नाही, दुकानाला कुलूप नाही, कुणाचं काही अडतं का? किल्लीसाठी उडी मारून दम घालवणं मला पटत नाही.

७ मे, मंगळवार
विजयमाला भाजी निवडता निवडता म्हणाली, ते पिवळं घ्या की. ती मिरजगावची. माहेरी दोन-दोन कुलपं लावून झोपणारी माणसं, तिला सगळीकडे किल्लीच दिसणार. हे बायकांचं काम नाही, मशीनला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. हो म्हणाली. समजूतदार आहे.

९ मे, गुरुवार
माझ्या पूजेच्या दुकानाशेजारी, कानिफनाथच्या दुकानात फोन आला. माझ्या मेव्हण्याचा, म्हणजे दिपालीच्या कल्याणमामाचा. १९ तारखेला रविवारी दिपालीला घेऊन येतो. तिचं मन रमलं तर शाळा उघडेपर्यंत ठेवा, नाही तर संध्याकाळी माझ्याबरोबर परत. मग दिपाली फोनवर आली. म्हणाली, पप्पा, पाचव्या स्टेजनंतर नदी कशी ओलांडली? मी म्हणालो, लाईन खराब आहे, आणि फोन ठेवला. 
दहा दिवस आहेत. भरपूर.

११ मे, शनिवार
दुकानात तेलाला आणि रुईच्या माळांना दम खायला वेळ नाही. या गेममध्ये बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून पॉझ करून टीव्ही चालूच ठेवून गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर अस्वल चौथ्या स्टेजला!
विचार केला. पाच दिवस मी त्या दाराला धडका देतोय. दार ढिलं झालेलं असणार, माझ्यामागे पडलं. मेहनत वाया जात नाही.

१२ मे, रविवार
दुपारी दोन तास लाईट नव्हती. गेम पहिल्यावर यायला हवा होता. संध्याकाळी पाहिलं तर पाचवी. मशीनने लक्षात ठेवलं. जपानी लोकांचं डोकंच वेगळं.
विजयमालाच्या अंगठ्याला फोड आलाय. म्हणाली, भाकरी भाजताना. अंगठ्याने भाकरी कोण भाजतं, पण विचारायला सवड नव्हती.

१४ मे, मंगळवार
सहावी. आता मात्र शंका आली. घराला दार नाही, येणारा-जाणारा कुणीही आत येऊ शकतो. कानिफनाथला विचारलं, कुणी माझ्या घरात शिरताना दिसलं का. तो म्हणाला, काय गेलं? म्हणालो, गेलं काही नाही, वाढलंय. त्याने तेलाचा डबा खाली ठेवला.
"गहिनीनाथ, ह्या गावात गेल्याची तक्रार कुनी करत न्हाई. वाढल्याची कुनाकडं करनार तू?"

१५ मे, बुधवार
संकल्प: आजचा अख्खा दिवस सराव. दुकान कानिफनाथवर टाकलं. हात मोकळा व्हावा म्हणून पहिल्यापासून सुरू केलं.
दुसरी स्टेज. दार. अस्वल सत्तावीस वेळा मेलं.
चार वाजता रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. दिवाळीत ती हात धुवायला गेली तेव्हा मोरी कुठे आहे ते विचारत होती. स्वतःच्या घरात. अजून दोन वर्षांनी मला काका म्हणेल. मला ती पोरगी इथे हवी आहे, मोरी माहीत असणारी.
विजयमाला दिवसभर चिडलेली. दुकानात कधी जाणार, असं तीनदा विचारलं.

१७ मे, शुक्रवार, शनिजयंती
पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी. संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघितला. आठवी स्टेज! अस्वल स्वतःच्या घराच्या पायरीवर उभं. फक्त आत जायचं बाकी. देवाला दोन वाट्या तेल जास्त वाहिलं. आता रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दिपाली समोर बसली की मी एक बटण दाबणार.

१९ मे, रविवार, संध्याकाळ
साडेदहाला जीप आली. दहा वाजता लाईट गेली होती.
अकराला आली. सगळं पहिल्यापासून. दिपाली शेजारी बसली. म्हणाली, दाखवा पप्पा. पहिली स्टेज झाली. दुसरी. दार. मी धडक दिली. तिने विचारलं, किल्ली का नाही घेत? मी म्हणालो, किल्ल्या उगाच असतात.
आमच्या घराला दार नसल्यामुळे आत बसूनही बाहेरची जीप दिसते. तिने जीपकडे पाहिलं.
विजयमालाने पदराला हात पुसले, माझ्या हातातला कंट्रोल काढून घेतला आणि सरका म्हणाली. पहिली उडी किल्लीवर. मग दार, पूल, नदी. तासाभरात अस्वल घरात गेलं, दिवे लागले, गाणं वाजलं. दिपाली तोंड उघडं टाकून आईकडे बघत होती.
"आई, तू कधी शिकलीस?"
"ह्ये दुकानात गेल्यावं. म्हनलं, तू आलीस तर संगं खेळाया कुनी तरी पायजे."
पाच वाजता कल्याण एकटाच जीपमध्ये बसला. दिपाली शाळा उघडेपर्यंत राहणार.
म्हणजे गेम आणण्याची माझी योजना पूर्ण यशस्वी.

२० मे, सोमवार
कंट्रोल दोनच आहेत. वीट सारखी घसरते, म्हणून प्लग मी धरतो.
दिपाली म्हणाली, पप्पा, हलू नका. तीन तास हललो नाही.