तुला पाहायला आलेल्यांचा चहा

प्रिय अक्का,

काल तुझ्या तेरवीला, भर पंगतीत, मी तुझ्या नवऱ्याच्या कानशिलात लगावली. वडनेरभर आता नाना गोष्टी पसरतील. खरी तुला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहिते आहे.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर खामगावच्या दवाखान्यातून तू घरी आलीस आणि तुला पाहायला गाव लोटलं. ही कसली आपली रीत? भेटायला यायचं आजारी बाईला, आणि चहा टाकायला उठायचं तिनेच! केस विंचरायला तुझा हात वर जात नव्हता, अक्का.

भाऊजींना तू सांगून पाहिलंस. त्यांनी पांघरूण ओढून फेकलं, दंडाला धरून तुला खाटेवरून उपसलं. "काऊन वं, डॉक्टरनं सुट्टी देली म्हंजे बरी झाली ना? लोकं बसले तिकडं." तुझ्या दंडावर चार बोटं उमटलेली मी पाहिली.

पाहिली, आणि काय केलं? तू माझा हात धरून म्हणालीस, "कमल, मले झोपूनई थकवा येते वं. अंगातलं सारं कोनं काढून नेल्यावानी वाटते."

बायकांच्या हक्कांसाठी गावोगाव गरजणारी मी! तुला म्हणाले, मनावर घेऊ नकोस, उठून हिंडतफिरत राहा, पडून राहिलीस तर आणखी खचशील. मग तूच केलेला चहा पिऊन मोताळ्याच्या सभेला गेले. तिथे टाळ्याही घेतल्या.

तू तो कप माझ्या तोंडावर का नाही फेकलास?

चार दिवसांनी तू गॅसपाशी कोसळलीस, उकळतं पातेलं अंगावर घेऊन. बैठकीतल्या पाहुण्यांना वाटलं, मांजरानं भांडं पाडलं.

आणि काल भाऊजी वाढता वाढता सांगत होते, "ठणठणीत होती हो, शेवटच्या दिवसापर्यंत काम करे." माझा हात उठला. परत उठला. त्यांनी मला भिंतीवर आपटलं, माझा ओठ फुटला, तरी मी कॉलर सोडली नाही. चार माणसांना आम्ही आवरत नव्हतो.

सोडवलं ते तुझ्या पोरीनं. मध्ये उभी राहून ती हळूच म्हणाली, "मावशी, तू तरी कुठी आयकलं होतं मायचं?"

माझी मूठ आपोआप सुटली.

भाऊजींची माफी मी मागणार नाही. तुझी मागते, देऊ नकोस. पण शब्द देते. यापुढे ज्या मंचावर उभी राहीन, तिथे पहिलं वाक्य हेच असेल: माझी बहीण 'थकले' म्हणाली, आणि मी तिला 'ऊठ' म्हणाले. त्यावर लोकांनी उठून जायचं तर जावं.

तुझं न ऐकणारी,
कमल