पुढचं दार

१८ ऑक्टोबर १९८६, शनिवार
आलो एकदाचे! नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटल क्वार्टर्समधून थेट वेल्समधल्या खेड्यात. शशीने नव्या जॉबबरोबर घरही मला न विचारता घेतलं म्हणून महिनाभर धुसफुसत होते, पण घर बघून राग निवला. दीडशे वर्षांपूर्वीचं, जॉर्जियन. दार बरोबर मध्ये, त्यावर अर्धगोल काच, दोन्हीकडे सारख्या उंच खिडक्या. वरची एक तर खोटीच, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून विटांवर रंगवलेली! मागे गेलं की मात्र जाड भिंती, बुटकं छत, जुनं शेतघर. वरून कीर्तन, आतून तमाशा. आमची शिल्पा सकाळपासून जिन्याच्या कठड्यावरून घसरतेय.

२० ऑक्टोबर
शेजारच्या मिसेस प्रॉसर केक घेऊन आल्या, मागच्या दाराने. म्हणाल्या, इथे सगळे मागूनच ये-जा करतात, तुम्हीही करा. पुढचं दार म्हणे फक्त मयत न्यायला उघडतात. माझं टाळकंच सटकलं. नॉटिंगहॅमला एका बाईने मला असंच मागच्या दाराने जायला सांगितलं होतं, क्लीनर समजून. मयताच्या गोष्टी कुणाला सांगता? शशी म्हणाला, अगं, रीत असेल त्यांची. याला जगाचं पटतं, बायकोचं सोडून.

२१ ऑक्टोबर
बोल्ट गंजले होते, तेल घालून काढले. दिवेलागणीला मागचं दार लावलं आणि पुढचं सताड उघडलं. उंबऱ्याला हळदकुंकू, निरांजन, आत येणारी लक्ष्मीची पावलं रांगोळीने काढलेली. तिन्हीसांजेला पुढचं दार बंद दिसलं तर लक्ष्मी परत फिरते, आईने शिकवलंय. मोठ्याने म्हटलं, ये गं बाई, घर तुझंच आहे. मिसेस प्रॉसर रस्त्यावरून बघत होत्या. बघा म्हटलं, खुशाल बघा.

२७ ऑक्टोबर
रोज दार उघडते. पावलं मी उंबऱ्याशीच काढते, पण आज सकाळी आणखी पावलं जिन्याकडे गेलेली. मोठी, ओलसर. शिल्पाने रांगोळी कालवून काढली समजून तिला फटका दिला. रडत म्हणाली, "मी नाही केला मम्मी, ती लेडी केला. जिन्यावर बसला आहे ती." शशी हसला. अस्सा संताप आला!

३० ऑक्टोबर
पावलं शिल्पाच्या खोलीपर्यंत. आत ओल्या मातीचा वास. नाक मुठीत धरून मिसेस प्रॉसरकडे गेले, मागच्या दाराने. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, त्या दाराने जे आत येतं ते कुणाला तरी न्यायला येतं. रिकाम्या हाताने जात नाही.
शशीला म्हटलं, आत्ता निघू. ऑन कॉल आहे म्हणे, रविवारी बघू. बघ बाबा तुझा रविवार.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
जिन्याच्या पायरीवर ओटी ठेवली. नारळ, तांदूळ, खण. आमच्यातही बाईमाणसाला रिकामं धाडत नाहीत. घे आणि जा. थोड्या वेळाने बघते तर नारळ लाथाडलेला, तांदूळ हॉलभर. डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरात माझ्या ओटीला लाथ? दार उघडून ओरडले, काय हवं ते घे आणि चालती हो!
वर पायरी वाजली. मग काही नाही.

२ नोव्हेंबर
पावलं आज उलटी. बाहेर जाणारी. मोठी — आणि त्यांच्या शेजारी छोटी.
शिल्पा अंथरुणातच आहे. आहे, हात लावून पाहिलं. अंग तापलंय. तळवे रांगोळीने पांढरे. शशी वॉर्डात, फोनवर येत नाही. मेला रविवार.

संध्याकाळ
बोल्ट मी लावले होते. दोन्ही. स्वतः — आता दार सताड आहे.
हिला घे असं नव्हतं म्हटलं मी. ऐकतेस का? रागात बोलले, मूर्ख बाई आहे मी, मला ने — माझी पोर सोड —
हिचा एक हात मी घट्ट धरलाय. दुसरा