अज्जीकट्ट्याची अज्जी

अक्का, सगळं घर तुला अक्का म्हणायचं म्हणून मीही तेच म्हणत आले. आई अशी हाक तुला कधी मारलीच नाही. मल्लेश्वरमच्या शाळेत भूगोल शिकवून तुझं मन भरत नसावं, म्हणून नव्वदच्या दशकात तू जुन्या तळ्यांच्या नकाशाचं काम अंगावर घेतलंस. दर रविवारी आपण दोघी शहराबाहेर जाणाऱ्या आनेकलच्या बसमध्ये. तळ्याचं नाव हवं, नावामागची हकिकतही हवी, आणि ती तिथं राहणाऱ्याच्याच तोंडून. तळ्याकाठी बायका भांडी घासत असायच्या. तू पदर खोचून शेजारी बसायचीस, त्यांचंच एखादं पातेलं ओढून घासायला लागायचीस आणि अर्ध्या तासानं सहज विचारायचीस, "या तळ्याला तुम्ही काय म्हणता?" प्रत्येक तळ्याचं एक कार्ड; ती कार्डं मी लिहायची. तुझ्यासारखं विचारणं मला आजही जमत नाही.

एकदा मी एका म्हाताऱ्याला विचारलं, इथं चिंचा होत्या म्हणून का तळ्याला हे नाव? तो हो म्हणाला. घरी पोळ्या लाटताना तू हे ऐकतेस आणि लाटणं थांबतं. "उत्तर तू दिलंस, त्यानं नुसती मान हलवली. ठाऊक नसलं तर रकाना कोरा ठेव. कोरा दिसला तर उद्या कुणीतरी पुन्हा विचारायला जाईल. सरी, बरं, फाड ते कार्ड." पुढच्या रविवारी तेवढ्या एका नावासाठी तू परत गेलीस. राग आला होता मला, आणि तुझा अभिमानही वाटला होता.

मग तू तापानं पडलीस आणि मी एकटी गेले. अज्जीकट्टे, म्हणजे आजीचा बांध. कुठली आजी? शेळ्या राखणारी म्हातारी हसली, "गोत्तिल्ल कणम्मा, मला नाही ठाऊक. नुसतं नाव आहे ते." दिवसभर हिंडून सगळीकडे हेच उत्तर. रिकाम्या हातानं तुझ्यासमोर यायची लाज वाटली. बसमध्ये बसून मी लिहिलं: बांध फुटत होता, एक आजी भगदाडात आडवी झाली, तळं वाचलं. तू अंथरुणात उठून बसलीस, कार्ड दोनदा वाचलंस आणि म्हणालीस, "शहाणी गं माझी पोर." नकाशासोबत ते तसंच छापलं गेलं.

परवा तिथं गेले होते. बांधावर हळदकुंकू लावलेला एक दगड आहे. फूल वाहणाऱ्या बाईनं डोळे पुसत मला माझीच गोष्ट सांगितली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि नुसते हात जोडून निघून आले. तू असं केलं नसतंस. नकाशा छापल्यावरही तू कितीतरी वर्षं होतीस, रोज सकाळी कॉफी घेऊन समोर बसायचीस; तेव्हा बोलले नाही, आता हा कागद कुठं पाठवू? तू गेलीस तेव्हा पोटभर रडले, अक्का. आणि आता मला कुणी विचारणार नाही म्हणून थोडं हायसंही वाटलं.