बॅच अडुसष्टचे तीन इन्सुलेटर

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
विद्युत निरीक्षण कार्यालय.

विषय : बॅच ६८ चे इन्सुलेटर बसवलेले उपकेंद्र आज दुपारी दोन वाजता सुरू न होऊ देण्याबाबत.
संदर्भ : गेल्या मंगळवारचा माझाच, पण सही नसलेला अर्ज.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी इन्सुलेटरच्या कारखान्यात मिश्रण विभागात अकरा वर्षे कामाला आहे. इपॉक्सीच्या राळेत सिलिकाची अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो भुकटी घोटून मिसळणे हे माझे काम. भुकटी नीट मिसळली तर इन्सुलेटर साध्या राळेपेक्षा जास्त वर्षे विजेचा उच्च दाब सोसतो. तिला ओल लागली तर गुठळ्या होतात आणि विजेला आतून वाट सापडते, आणि एक दिवस तो फुटतो.

बॅच ६८ च्या दिवशी भुकटी वाळवण्याचा ओव्हन चार तास बंद होता. मी सुपरवायझरांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, लाल रंग चढल्यावर गुठळ्या कोणाच्या बापाला दिसणार आहेत? ओता साच्यात, गाडी उभी आहे." मी ओतले. नोंदवहीत "भुकटी कोरडी" या शब्दांपुढे सही माझीच आहे. ते लपवून अर्ज करण्यात अर्थ नाही.

एका मिनिटाच्या दाबचाचणीत नग पास झाले. आतल्या आत उडणाऱ्या बारीक ठिणग्या पकडण्याची चाचणी मात्र झालेलीच नाही. त्या चाचणीचे यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेले असताना दाखल्यात चाचणी झाल्याचे लिहिले आहे. भांड्याच्या तळाशी उरलेली राळ घट्ट झाल्यावर मी करवतीने कापली. आत पांढरे ठिपके आहेत.

माझा आधीचा अर्ज "निनावी, सबब दप्तरी दाखल" झाल्याचे आज सकाळी आपल्या आवक कारकुनांकडून कळले. म्हणून आता सही करत आहे.

उपकेंद्रात आज दुपारपाळीला माझे सख्खे दीर आहेत. स्विच त्यांनीच टाकायचा आहे. काल जेवताना त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण लेखी हुकूम नसताना मी हात मागे घेतला, तर दुसऱ्याला उभं करतील. मग मरायची पाळी त्याची, एवढाच फरक." जाऊबाई भरल्या ताटावरून उठल्या.

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती सावकाश व्हावी, हरकत नाही. आत्ता साडेअकरा झाले आहेत. हुकूम निघेपर्यंत मी आपल्या कार्यालयाच्या जिन्यातच थांबते.

आपली, या खेपेस सही करणारी,
(सही)
बिल्ला क्र. ४१७, मिश्रण विभाग
सोमवार, दि. ९

सोबत : कापलेला तुकडा. नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स. चाचणी-दाखल्याची प्रत.

शेरा, सोमवार, १.३५ : तुकडा पाहिला. उपकेंद्र सुरू करू नये असे फोनवर कळवले; लेखी हुकूम जीपने रवाना. तिन्ही नग उतरवून आमच्यासमोर तपासावेत.

शेरा, गुरुवार : पहिला नग नेहमीच्याच दाबावर सत्तेचाळिसाव्या मिनिटाला फुटला. अर्जदार व त्यांचे दीर हजर होते. जबानी उद्या घ्यावी. आज दोघांना घरी पाठवले.