मोसंबी तडकली तो हंगाम

१० नोव्हेंबर १९८६

आज पण तळी अर्धीच!

पाळी आमची होती. हे सकाळी वर गेले ते तोंड लाल करूनच परतले. "रात्री जयरामानं काढलं. दुसरं कोण?"

डोंगरातल्या झरीचं पाणी तळीत साठतं. एक दिवस आमच्या बागेला, एक दिवस शेजारच्या जयरामभावजींच्या. बाग लावल्यापासून असंच. दुसऱ्याच्या पाळीला कधी कुणी हात लावला नाही. पण आता दोघं बोलत नाहीत ना! गोव्याची राजभाषा कुठली यावरून हे मराठीच्या सभांना जातात, भावजी कोंकणीच्या मोर्च्यांना. चवथीला आरतीला पण एकमेकांकडे गेले नाहीत.

आणि शेवंती – भावजींची बायको, माझी शेवंती – तिनं पण येणं सोडलं.

२० नोव्हेंबर

तळी काठोकाठ. हे म्हणाले, "बघ, भ्याला!" मागची तहान भागावी म्हणून सगळं पाणी झाडांना एकदम सोडलं. मला बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

फळं तडकली.

सकाळी बागेत गेले तर पायाखाली साली उकललेली मोसंबी. देठापासून बुडापर्यंत चीर. झाडावरची पण काही उभी फाटलेली, आत मुंग्या. वरची झाडं सगळ्यात वाईट. ती मी आणि शेवंतीनं लावलेली.

माझं लेकरू गेलं त्या वर्षाची गोष्ट. मी खाटेवरून उठत नव्हते. शेवंती आली आणि मला हाताला धरून ओढत घेऊन गेली. "चल गो सुलू, खड्डे खणपाचे आसात." डिचोलीत मोसंबी होणार नाही म्हणून सगळे हसले होते. आम्ही दोघी खणत राहिलो. मी रडत होते आणि खणत होते. तिनं कुदळ सोडली नाही.

आज ती कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. मी फुटलेलं फळ हातात धरून उभी राहिले. तिनं पाहिलं. पाहून आत गेली.

२ डिसेंबर

शेतकी ऑफिसातल्या मनीषाबाई आल्या. सगळी बाग फिरल्या.

"रोग नाही हा. झाड तहानलेलं ठेवायचं आणि मग एकदम पाजायचं – गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. मग फुटणारच!" पाणी थोडं द्या, पण एकसारखं द्या म्हणाल्या. बुंध्याभोवती वाळल्या पानांचा पातेरा पसरा. फांद्यांना टेकू द्या, वाऱ्यानं फळ फांदीवर घासलं की सालीवर डाग पडतो.

मी विचारलं, "एक दिवसाआड तळी फोडतो, त्याऐवजी दोन्ही बागांना रोज अर्धं अर्धं सोडलं तर?"

"उत्तम! पण शेजाऱ्यांशी बोलावं लागेल."

हे खाली मान घालून उभे. त्या गेल्यावर म्हणाले, "मेलो तरी जाणार नाही त्याच्या दारात."

८ डिसेंबर

पातेरा ओढून ओढून हात सोलले. घरच्या विहिरीचं पाणी कळशीनं वरच्या झाडांना घालते. विहीर तरी किती पुरणार!

१० डिसेंबर

बुधवारचा बाजार. शेवंती भाजीवालीपाशी समोरच आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "कशी आसा गो?"

"आसां." मग हळूच, "तुमची फळां फुटलीं म्हणटात."

"हो. तुमची?"

तिनं मान फिरवली. पिशवी छातीशी धरून निघून गेली. त्यांची फळं चांगली असणार, म्हणून गप्प! आमच्या पाण्यावर पोसलेली!

घरी येऊन मी खूप रडले. फळांसाठी नाही.

१९ डिसेंबर

भाषेच्या आंदोलनापायी सगळीकडे दगडफेक, रस्त्यावर झाडं पाडलेली. म्हापशाची बस बंद. पाव विकणारा पोदेरही आला नाही, उंडे नाहीत. शेवंतीचं घर दिवसभर बंद. सुखरूप असेल ना ती?

विचारायला गेले नाही.

९ जानेवारी १९८७

उरलेली फळं शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला न्यायची म्हणून ह्यांनी काल उजाडतानाच तोडली. दवानं ओलीचिंब. माझं ऐकलं नाही. हिसडून तोडत होते, टोपलीत टाकत होते, जसा काही प्रत्येक फळावर भावजींचा राग काढायचा होता.

आज बाजारात टोपली उघडली तर सालीवर तपकिरी डाग. जिथे बोटं रुतली होती तिथेच! गिऱ्हाईक हातात घेई आणि परत ठेवी.

१२ जानेवारी

मनीषाबाईंना भेटून आले. म्हणाल्या, सकाळी साल पाण्यानं टचटचीत भरलेली असते. जरा दाबली की सालीतलं तेल बाहेर येतं आणि तेच साल जाळतं. दव वाळल्यावर, दुपारीच तोडायची. ओढायचं नाही, कात्रीनं देठ कापायचा.

झाडावर मागे राहिलेली आज मी एकटीनं तोडली. दुपारी, एकेक, अलगद. मोजकीच होती, पण एकावर डाग नाही. पिवळीजर्द, तुळतुळीत!

दाखवावीशी वाटली ती एकीलाच.

टोपलीतली दोन घेऊन तिच्या फाटकापर्यंत गेले. आत भावजींचा आवाज ऐकू आला. "...चोर ते! शेजारी न्हय, चोर!"

चोर? आम्ही?

फळं घेऊन परत आले. ह्यांना सांगितलं नाही. पण असं उलटं बोलायला जीभ कशी धजते!

५ फेब्रुवारी

काल राजभाषेचा कायदा पास झाला. कोंकणी राजभाषा, मराठीला पण जागा. भावजींच्या अंगणात फटाके. ह्यांनी जनेलाची झडपं लावून घेतली. जेवले नाहीत.

मी ह्यांना वाढताना म्हटलं, "जेवपाक बसा." मग वाटलं, ह्या घरात आम्ही बोलतो तरी काय, कोंकणीच ना? आणि शेवंती पोथी वाचते ती कुठल्या भाषेत?

ताट झाकून ठेवलं.

१६ फेब्रुवारी

पाट कोरडा. झाडांची पानं वळायला लागलीत, आणि नवी फुलं तर आत्ताच आलीत. ही गळली तर पुढचं वर्ष पण गेलं.

हे म्हणतात झाडं तोडून काजू लावू. ती झाडं!

नाही. उद्या त्यांची पाळी. उद्या मीच तळीवर जाऊन बसणार. शेवंती पाणी सोडायला येईल तेव्हा तिच्या तोंडावर विचारणार – माझ्या झाडांनी तुझं काय वाईट केलं गो?

१७ फेब्रुवारी

शेवंती आधीच तिथे होती. रिकाम्या तळीत, चिखलात उभी.

झरीतून थेंब नाही. डोंगराच्या पलीकडून घरघर येत होती. दोघी चढून गेलो. खाली खाणीचा नवा खड्डा, आमच्या झरीपेक्षा कितीतरी खोल. मोठा पंप त्यातलं पाणी उपसून पलीकडच्या ओहोळात टाकत होता. तिथला माणूस म्हणाला, पावसाळ्यानंतर चालू केलाय. मधेमधे बिघडून बंद पडतो, एरवी चालूच. म्हणजे आमच्या झरीचं पाणी तो ओढत होता, बंद पडला की तळी भरायची!

तिची फळं पण सगळी तडकलीत.

"माका वाटलें, तुमीच उदक व्हरतात," शेवंती म्हणाली. "आज तुका धरपाक आयिल्लें."

मी पण तिला धरायलाच गेले होते.