हनुवटी कमी करण्याआधी

प्रिय धाकटे,

ऑपरेशनची तारीख घेतलीस म्हणे. काय काय होतं ते खरं खरं सांग म्हणून लिहिलंस, तर ऐक. कापतात ते तोंडाच्या आतून, खालच्या ओठामागे, म्हणून बाहेर व्रण दिसत नाही. मग हाड घासून कमी करतात. शुद्धीवर येशील तेव्हा हनुवटीला पट्टा आवळलेला आणि चेहरा भोपळ्याएवढा. घाबरू नकोस, पण आरशाच्या वाटेला जाऊ नकोस. सुरुवातीला सगळं पातळ आणि गार, खाऊन झालं की मिठाच्या पाण्याची चूळ. निळेजांभळे डाग गळ्यापर्यंत उतरतात, ते आपोआप जातात.

दुखत फारसं नाही, बधिर असतं. पाणी हनुवटीवरून ओघळतं आणि आपल्याला पत्ताच नाही. समोरचा टक लावून बघायला लागला की कळतं. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून प, ब, म म्हणताना माझी काय त्रेधा उडायची! लोक पुन्हा पुन्हा विचारायचे, गाडी कितीला. डॉक्टर म्हणतात, येईल संवेदना, कुणाला वर्षही लागतं. माझी अजून आलेली नाही. हनुवटी मात्र सुरेख झालीय, खोटं कशाला बोलू? शाळेत आपल्या दोघींना फावडी म्हणायचे, आता मला कुणी म्हणणार नाही.

आईचं सांगायचं राहिलं. तिचे डोळे गेले, कानही गेल्यातच जमा. हनुवटी चाचपूनच ती आपल्याला ओळखायची. गेल्या खेपेला तुलाही मोठी समजून थोपटत बसली आणि तू रुसलीस. इतकं असून ऑपरेशन ठरवताना हे माझ्या डोक्यात आलं नाही, तुझ्याही नाही. पट्टा सुटल्यावर तिच्यापाशी बसले. तिची बोटं माझ्या हनुवटीवर फिरली, थांबली, परत फिरली. मला काहीच जाणवलं नाही, नुसतं दिसत होतं. तिने हात काढून घेतला आणि विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या? कानाशी ओरडून सांगितलं तर म्हणाली, माझी मुलगी अशी नाही. आता मी तिला अंघोळ घालते, भरवते, आणि ती मला अहो-जाहो करते. रडू यायला हवं होतं गं, नाही आलं.

तू करू नकोस असं मी म्हणणार नाही. चेहरा तुझा, हौस तुझी. फक्त आधी इकडे ये. मोठी कुठे गेली, अजून का आली नाही, असं ती दिवसभर विचारते आणि मी तिच्या शेजारीच बसलेली असते. ये, तिच्यापुढे बस, तुझी हनुवटी तिच्या हातात दे. मोठी म्हणून तिने हाक मारली की या वेळी रुसू नकोस, ओ दे. मी शेजारी बसून बघेन.

तुझीच, वाट बघणारी
ताई